शिल्लक

अर्जाचा सातवा रकाना :
'अपेक्षित लाभार्थी (संख्या द्यावी).'
मी आधी गांडुळं लिहिली. मग खोडली.
शेणवी मॅडम म्हणाल्या, आकडा गोल असू दे गं,
समितीला गोल आकडे सोसतात.

महाप्याला, एमआयडीसीतल्या शेडच्या माळ्यावर
(खाली कुणीतरी दिवसभर बेअरिंगं घासतं)
आम्ही युरियाच्या दाण्याला अंगरखा घालतो.
कापड म्हणजे कोळंबीची सालं,
दिवाळे कोळीवाड्यातून, पाटीने.
आधी आम्लात, मग कॉस्टिकमध्ये, मग उन्हात,
मग सिरक्यात विरघळवून दाण्यांवर फवारा.
चांगुणाबाई सालांचे पैसे घेत नाहीत.
म्हणतात, 'त्या वासाचं काय दिशील त्ये दे.'
वासासाठी अंदाजपत्रकात शीर्षक नाही.
मी 'किरकोळ'मध्ये टाकते.

अंगरखा एवढ्यासाठी
की दाण्याने पोटातलं सगळं एका दमात ओकू नये.
मुळाने मागावं, त्याने द्यावं,
आणि देऊन झाल्यावर
कपड्यासकट निघून जावं.

बाजारातला दाणाही हळूहळूच देतो, खोटं कशाला बोलू.
पण देऊन झालं की त्याचं टरफल मागे राहतं,
पिवळसर, पोकळ, कोथिंबिरीच्या बीएवढं.
ढेकळात बोट घातलं की टिचकन लागतं.
एका वाफ्यात मी एकशे एक्केचाळीस मोजली,
मग मोजणं सोडलं.

वाफे घणसोलीत, मढवीकाकांच्या पट्टीत.
अकरा वाजेपर्यंत टॉवरची सावली, नंतर मुळा आणि मेथी.
काकांनी तीस वर्षं बेलापूर रोडच्या कारखान्यात
खताच्या गोण्यांची तोंडं शिवली,
आत काय होतं ते कधी विचारलं नाही.
आमच्या जाळीच्या पुरचुंड्या बघून मात्र विचारलं,
'या पिशवीन काय हाय गो पोरी?'
म्हटलं, खत.
'आनि वर?'
कोळंबी, काका.
ते इतके हसले की खुरपं मातीत पडलं.

चोवीस पुरचुंड्या, वीतभर खोल,
प्रत्येकीच्या डोक्यावर आइसक्रीमची काडी.
दुसरा हप्ता मार्चात यायचा होता.
माझी शिष्यवृत्ती त्याच हप्त्यात बांधलेली,
म्हणून मे महिना मी मावशीच्या डब्यावर काढला,
ऐरोलीत, आणि तिला सांगितलं
की डाएट चालू आहे.

नव्वदाव्या दिवशी उकरलं.
प्लास्टिकवाल्या बारा पुरचुंड्या भरलेल्या,
हलवल्या की खुळखुळत.
आमच्या बारांत माती.
झटकली तर जाळी. जाळीपलीकडे माझीच बोटं.
शेणवी मॅडमनी चष्मा काढून पुन्हा लावला
आणि अर्धा तास कुणाशी बोलल्या नाहीत.

संध्याकाळी हिशेब विभागातून पाठारे, फोनवर :
'शिल्लक किती?'
काहीच नाही, सर!
'काहीच नाही?'
एक कणसुद्धा नाही. नव्वद दिवसांत सगळं गेलं.
पलीकडे बराच वेळ पंखा ऐकू येत होता.
'मॅडम, हे तुम्ही एवढ्या आनंदाने सांगताय?'
तेव्हा कळलं, ते चार लाख बारा हजारांबद्दल विचारत होते.

मग उपयोगिता प्रमाणपत्र, तीन प्रतींत.
'निर्माण झालेली मालमत्ता' : एक ओव्हन, एक काटा.
'दृश्य परिणाम (छायाचित्र जोडावे)' :
मी रिकाम्या जाळीचा फोटो जोडला,
मागे मढवीकाकांचा तळहात, त्याच्या रेषांत माती.

आठ दिवसांनी पोर्टलवरून परत :
'छायाचित्रात काही दिसत नाही.
कृपया सुस्पष्ट प्रत पुन्हा जोडावी.'

काका विचारतात, मेथी काढू का, की अजून काय पुरायचं हाय?
थांबा म्हटलंय.
मी तोच फोटो पुन्हा जोडते आहे,
थोडा मोठा करून.